एका डेकवर दोघं

श्पाँगल हे नाव महाराष्ट्रात थोड्याच लोकांनी ऐकलं असेल. गोव्यातल्या हणजूण-वागातोरच्या पट्ट्यात ज्यांनी रात्री काढल्या आहेत त्यांना मात्र ते समजावून सांगावं लागत नाही. ही दोन माणसांची जोडी. एक रोनाल्ड रॉथफील्ड, जन्म १९४१, मूळचा ऑस्ट्रेलियाचा, बासरी वाजवणारा. जग त्याला राजा राम म्हणून ओळखतं. दुसरा सायमन पॉसफर्ड, जन्म १९७१, इंग्लंडचा, स्टुडिओत तयार झालेला आणि हॅल्युसिनोजन या नावाने एकट्याचं संगीतही करणारा. वयात तीस वर्षांचं अंतर. १९९६ साली एका संकलनात त्यांचा पहिला ट्रॅक आला, १९९८ मध्ये पहिला अल्बम, आणि २०२१ पर्यंत दोघांच्या नावावर नवं काम निघत राहिलं. डीजेंच्या जगात जोड्या दोन-तीन हंगामांत फुटतात. तिथे पंचवीस वर्षं हा फार मोठा काळ आहे. गळ्यात हेडफोन अडकवून बरीच वर्षं काढल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे, आणि ते मांडताना ही जोडी मला सर्वांत सोयीचा पुरावा वाटते. इलेक्ट्रॉनिक संगीतात अध्यात्म शोधायला निघालेले बहुतेक जण ते ओंकाराच्या सॅम्पलमध्ये आणि मागच्या कापडावर रंगवलेल्या शंकरात शोधतात. माझ्या मते ते तिथे नाही. दोन माणसं दीर्घकाळ एकमेकांचं ऐकत राहिली की त्यांच्या अंगात जी शिस्त मुरते, तिच्यात ते सापडलं तर सापडतं. इथे मैत्री म्हणजे जिव्हाळा वगैरे आहेच, पण त्याहून जास्त ती काम करण्याची एक पद्धत आहे.

या जोडीची कामाची वाटणी बघण्यासारखी आहे. राजा राम १९६९ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये क्विंटेसेन्स या बँडच्या स्थापनेत होता. जॅझ, रॉक आणि भारतीय भजनांची सरमिसळ करणारी ती मंडळी एका स्वामींच्या प्रभावाखाली होती, काहींनी भारतीय नावंही घेतली होती. पुढे १९९४ मध्ये दोन साथीदारांबरोबर त्याने टिप रेकॉर्ड्स ही ट्रान्स संगीताची कंपनी काढली. म्हणजे त्याच्याजवळ अनुभव, गोष्टी, चित्रं, बासरी आणि माणसं जमवण्याची हातोटी होती. यंत्रावरची हुकमत पॉसफर्डची. सिंथेसायझर, प्रोग्रॅमिंग, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग हे सगळं त्याच्या हाताखालून जातं. त्यांच्या पहिल्या अल्बममधला शेवटचा ट्रॅक जवळजवळ वीस मिनिटांचा आहे आणि त्याचं मूळ दोघांनी भारतात पाहिलेल्या एका सूर्यग्रहणात आहे, असं ते सांगत आले आहेत. भर दिवसा अंधार पडतो, पक्षी गप्प होतात, मग पुन्हा उजाडतं. हे संगीतात आणता येईल का, असा प्रश्न एकाने टाकायचा आणि दुसऱ्याने त्याचं उत्तर आवाजांतून बांधत न्यायचं. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हस्तांतर. ज्याला चित्र दिसलं त्याला यंत्र चालवता येत नाही, आणि ज्याला यंत्र येतं त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघावं लागतं. आपली कल्पना अर्धवट अवस्थेत दुसऱ्याच्या हाती सोपवायची आणि परत येईल ती आपण योजली तशी नसेल हे आधीच मान्य करायचं. हे वाचायला सोपं आहे. करणाऱ्यांना विचारा.

स्टुडिओत बसणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल. समजा बासरीचा एक सूर माइकवर घेतला. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत एक ठोका अर्ध्या सेकंदाचा होतो. त्याचे चार भाग केले तर एक भाग १२५ मिलिसेकंदांचा. तीन भागांनंतर, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांनी, त्या सुराचा प्रतिध्वनी उमटवला की तो ठोक्यावर आदळत नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत जाऊन बसतो, आणि एकटी बासरी स्वतःशीच बोलत असल्यासारखी वाटायला लागते. असे शेकडो निर्णय मिळून एक ट्रॅक होतो. यातला प्रत्येक निर्णय घेणाऱ्याला प्रिय असतो, आणि तीच अडचण आहे. घासूनपुसून तयार केलेला आवाज ट्रॅकला उपयोगी नाही, हे ज्याने तो घासला त्याला शेवटी कळतं. अर्ध्या रात्रीपर्यंत तेच चार सेकंद फिरवून ऐकल्यावर कान बधिर होतात, मग माणूस ऐकण्याऐवजी आठवायला लागतो. अशा वेळी बाजूच्या खुर्चीतून कुणीतरी ‘हे काढ’ म्हणावं लागतं, आणि ते म्हणणारा असा असावा लागतो की त्याच्या म्हणण्याचा राग फार तर चहा होईपर्यंत टिकेल. नव्या माणसाने म्हटलं तर अपमान वाटतो. पैसे घेऊन काम करणारा इंजिनिअर तोंडावर म्हणत नाही. दहा वर्षांची ओळख असलेला मित्र म्हणतो, आणि आपण काढतो. आपण केलेलं आपल्या हाताने पुसण्याची ही सवय हळूहळू संगीताबाहेरही पसरते. अध्यात्माच्या पुस्तकांत अहंकार सोडा असं लिहिलेलं असतं, पण तो कुठून सोडायला सुरुवात करायची हे बहुधा नसतं. स्टुडिओत त्याची सुरुवात डिलीटच्या बटनापासून होते.

डेकवर तीच शिस्त वेगळ्या रूपात भेटते. दोन डीजे एकाच मिक्सरवर आळीपाळीने वाजवतात त्याला आमच्याकडे बी-टू-बी म्हणतात. प्रेक्षकांना ती गंमत वाटते. वाजवणाऱ्यासाठी ते कठीण असतं, कारण पुढचे तीन ट्रॅक मनात रचून ठेवलेले असतात आणि जोडीदार असा एक ट्रॅक लावतो की ती रचना निरुपयोगी होते. मग एका कानावर हेडफोन, एका कानात मॉनिटर, आणि उरलेल्या चार मिनिटांत नव्याने विचार. तिथे दोन प्रकारचे डीजे वेगळे ओळखू येतात. एक प्रकार जोडीदाराच्या ट्रॅकवर मात करणारा ट्रॅक शोधतो. दुसरा प्रकार जोडीदाराने जे सुरू केलं ते पुढे कुठे जाऊ शकेल हे शोधतो. पहिल्या प्रकारात गर्दी ओरडते खूप, पण तासाभरात दमते. ट्रान्सच्या वेगवान प्रकारात लय १४५ बीपीएमच्या आसपास असते, म्हणजे तासाला ८,७०० किक, ड्रमचे खर्जातले ठोके. नवख्या कानाला तो सलग गडगडाट वाटतो. प्रत्यक्षात तिथे फार काटेकोर सभ्यता असते. ठोक्याच्या चार भागांपैकी पहिल्यावर किक पडते आणि बेसलाइन उरलेल्या तीन भागांवर वाजते. किक पडते तिथे बेस गप्प असतो. दोघं एकाच क्षणी एकाच खर्जात बोलले तर ऐकणाऱ्याला फक्त चिखल ऐकू येतो, आणि मोठ्या स्पीकरवर तर पोटात कालवतं. ही गोष्ट प्रत्येक निर्मात्याला पहिल्या वर्षी शिकावी लागते. माणसांच्या बाबतीत ती शिकायला बरीच जास्त वर्षं लागतात, आणि काही जण शिकतच नाहीत.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप आपल्याकडचा माणूस घेतो आणि त्याचा तो हक्क आहे. हे गोरे लोक आपल्या देवांची नावं घेतात, मंत्राचे तुकडे करून ठेक्यावर टाकतात, यात अध्यात्म कसलं? आक्षेपाचा निम्मा भाग मी सरळ मान्य करतो. मंत्रांचे तयार सॅम्पल विकत मिळतात. ज्याला ती भाषा येत नाही त्याला शब्द कुठे संपला हे कळत नाही, आणि कात्री शब्दाच्या मध्यावर चालते. ज्याच्या घरी संध्याकाळी स्तोत्र म्हटलं गेलं आहे त्याला ते ऐकताना दाताखाली खडा आल्यासारखं होतं. अभ्यासक अरुण सलढाणा यांनी ‘सायकेडेलिक व्हाइट’ या २००७ च्या पुस्तकात हणजूणच्या पार्ट्यांचा बारकाईने अभ्यास केला आहे. सगळे एक झाले असं तिथे म्हटलं जाई, तरी पहाटेनंतरच्या फ्लोअरवर गोऱ्या जुन्या मंडळींचा ताबा राही आणि भारतीय पर्यटक कडेला पडत, हे त्यांनी दाखवून दिलं. फ्लोअरच्या बाहेर चटया अंथरून, दिवा लावून रात्रभर चहा आणि ऑम्लेट विकणाऱ्या स्थानिक बाया होत्या. त्यांच्यासाठी ती रात्र मुक्तीची नव्हती, कामाची होती. एकात्मतेचा अनुभव घेऊन जो माणूस सकाळी त्यांच्याशी चहाच्या पैशांवरून घासाघीस करतो, त्याच्या अनुभवाबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

पण इथेच एक उलटा पुरावाही आहे, आणि तो गोव्याच्याच इतिहासात आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लॉरां नावाचा एक फ्रेंच डीजे आणि त्याच्या आसपासचे काही जण युरोपातून येणाऱ्या डिस्को आणि इलेक्ट्रॉनिक गाण्यांच्या कॅसेट वाजवत. गाण्यांतले शब्द त्यांना अडचणीचे वाटत, म्हणून ते टेपवर शब्दांचे भाग कापून टाकत आणि नुसत्या वाद्यांचे भाग जोडून लांबवत. नंतर डॅट, म्हणजे डिजिटल टेप आल्या. त्या यंत्रावर वेग कमी-जास्त करता येत नसे, त्यामुळे ठोक्याला ठोका जुळवून मिसळणं शक्य नव्हतं, आणि ट्रॅकच्या सुरुवातीला व शेवटी ठेका नसलेले लांब भाग ठेवायची पद्धत रुळली. म्हणजे ज्या संगीताला पुढे गोवा ट्रान्स म्हटलं गेलं त्याचा पाया शब्द काढून टाकण्याने आणि मधे मोकळी जागा ठेवण्याने घातला गेला. मंत्र, ओंकार, देवांची चित्रं ही सजावट मोठ्या प्रमाणावर आली ती पुढे, बाजारपेठ तयार झाल्यावर. त्यामुळे चिन्हांवर टीका केली म्हणजे त्या संगीतावर टीका झाली असं होत नाही. चिन्हं उतरवून ठेवली तरी ते संगीत उभं राहतं, किंबहुना बरं उभं राहतं.

दुसरा आक्षेप नशेचा. यावर गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. हॅल्युसिनोजनच्या १९९५ च्या पहिल्या अल्बमवर एलएसडी नावाचाच ट्रॅक आहे. राजा रामच्या दुसऱ्या एका समूहाचं नावच १२०० मायक्रोग्रॅम्स आहे आणि त्यांच्या पहिल्या अल्बमची शीर्षकं अमली पदार्थांवरून घेतलेली आहेत. या लोकांनी काही लपवलं नाही. भारतात १९८५ पासून कडक कायदा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी किनाऱ्यावर तरुण मुलं मेलेली आहेत. मी याची भलामण करत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की ऐकणाऱ्याची धुंदी आणि करणाऱ्याचं काम यांची गल्लत करू नये. वीस मिनिटांचा, शंभराच्या घरात आवाज असलेला ट्रॅक तोल न जाऊ देता बांधायला लागणारी एकाग्रता नशेत राहून येत नाही. ते हिशेबाचं, कंटाळवाणं, पुन्हा पुन्हा तपासायचं काम आहे. नशेत सुचलेली कल्पना दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर असलेल्या जोडीदारासमोर ठेवावी लागते, आणि तिथे दहातल्या नऊ कल्पना गळतात. ज्यांच्याकडे असा जोडीदार नसतो त्यांच्या नवाच्या नऊ कल्पना ट्रॅकमध्ये शिरतात. ते ट्रॅक कसे असतात हे सांगायला नको. माझी एक साधी कसोटी आहे. सकाळी चहा पिऊन, साध्या हेडफोनवर, पूर्ण शुद्धीत ऐकल्यावर ज्या संगीताने माणूस थोडा शांत होत नाही, ते रात्री कितीही दिव्य वाटलं असलं तरी त्याचं श्रेय दुसऱ्या कशाला तरी जातं. श्पाँगलचं चांगलं काम या कसोटीला उतरतं. सगळं नाही.

यंत्राला आत्मा नसतो, हा तिसरा आक्षेप मला सर्वांत कमी त्रास देतो. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला सत्तरचं दशक उजाडावं लागलं. आज हार्मोनियमशिवाय कीर्तनाची कल्पना करून बघा. इलेक्ट्रॉनिक तंबोरा बंगळुरूहून आला तेव्हाही नाकं मुरडली गेली, आता गायकांच्या फोनमध्ये तंबोऱ्याचं ॲप असतं. वाद्य परकं वाटणं ही एका पिढीपुरती गोष्ट असते. यंत्रावरच्या आक्षेपात जो खरा भाग आहे तो पुनरावृत्तीचा. लूप थकत नाही, चुकत नाही, मग तो वाजवण्यात साधना कुठे आली? याचं उत्तर शोधताना मला अखंड हरिनाम सप्ताह आठवतो. तिथेही एकच नाम सात दिवस चालतं आणि वीणा जमिनीवर टेकवायची नसते. पण ती एकाच माणसाच्या गळ्यात नसते. पहारे लावलेले असतात, आणि ठरल्या वेळी एक जण दुसऱ्याच्या गळ्यात वीणा देतो. झोपेतून उठून पहाटे तीनच्या पहाऱ्याला येणाऱ्याला आधीच्याची लय धरावी लागते. पुनरावृत्तीत जीव असतो तो या देण्याघेण्यामुळे. लूप स्वतः निर्जीवच आहे. तो कुणी, कुणाकडून, कुठल्या क्षणी उचलला आणि पुढच्याला कसा दिला, यात माणूस येतो.

म्हणूनच गोवा गिल या डीजेकडे मी आदराने बघतो आणि तरी त्याला आदर्श मानायला कचरतो. कॅलिफोर्नियात १९५१ साली जन्मलेला हा गिल्बर्ट लेव्ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोव्यात आला, जुना आखाड्याचा साधू झाला, मंगलानंद हे नाव घेतलं, आणि चोवीस-चोवीस तासांचे सेट वाजवण्यासाठी जगभर ओळखला गेला. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये तो वारला. त्याची निष्ठा खरी होती याविषयी मला शंका नाही, आणि पत्नी आरियान त्याच्या प्रवासात आणि संगीतातही सोबत होती. पण एकट्याने चोवीस तास डेक धरून ठेवणारा माणूस पाहता पाहता बुवा होतो. त्याला व्हायचं नसलं तरी समोरची गर्दी त्याला करते. स्टेज उंच असतो, प्रकाश त्याच्यावर असतो, हात त्याच्या दिशेने वर होतात. ही रचनाच भक्त तयार करणारी आहे. तिचं विदारक टोक इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराने पाहिलं. १९८६ मध्ये तिथल्या एका अँग्लिकन चर्चमध्ये क्लबच्या संगीतावर प्रार्थना सुरू झाल्या, नाव नाइन ओ’क्लॉक सर्व्हिस. पडदे, प्रकाश, नृत्य, शेकडो तरुण. चर्चमधले वरिष्ठही भारावले होते. १९९५ मध्ये ते सगळं कोसळलं, कारण प्रमुख धर्मगुरूवर अनुयायी स्त्रियांनी शोषणाचे आरोप केले. संगीत वाईट नव्हतं. त्या माणसाला बरोबरीच्या नात्याने ‘हे चूक आहे’ म्हणणारं कुणी जवळ नव्हतं. सगळे एक तर अनुयायी होते नाही तर दूरवरचे वरिष्ठ. बाजूच्या खुर्चीतल्या मित्राचं महत्त्व मी सांगतो आहे ते एवढ्यासाठी की अध्यात्माच्या नावाने चालणाऱ्या कामात ती खुर्ची रिकामी असणं धोक्याचं असतं. राजा राम वयाने तीस वर्षांनी मोठा, भारत पाहिलेला, दाढीवाला, बोलण्यात वाकबगार. त्याच्यात बुवा होण्याची सगळी सामग्री होती. यंत्र दुसऱ्याच्या हाती असल्याने ते तेवढ्यावर थांबलं असावं, असा माझा अंदाज आहे.

यावर कुणी म्हणेल, की मोठं काम एकट्यानेच होतं. चरणजित सिंग घ्या. हिंदी चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या या मुंबईच्या वादकाने १९८२ मध्ये रोलँड कंपनीची नवी यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. त्यातलं एक यंत्र होतं टीबी-३०३. बेस गिटारवाला नसेल तेव्हा साथीला घेता यावं म्हणून बनवलेलं आणि बाजारात सपशेल पडलेलं. सिंग यांनी त्यातून रागाची वळणं काढली. तो अल्बम आज ऐकला तर अंगावर काटा येतो. पण तेव्हा तो विकला गेला नाही, विसरला गेला, आणि २०१० मध्ये नेदरलँड्समधून पुन्हा निघाला तेव्हा जगाला कळलं. आता तेच यंत्र शिकागोत बघा. तिथल्या तीन मित्रांच्या फ्यूचर या समूहाने त्याची बटनं वेडीवाकडी फिरवून जो आवाज काढला तो १९८७ मध्ये ‘ॲसिड ट्रॅक्स’ म्हणून बाहेर आला. रॉन हार्डी नावाच्या डीजेने त्यांच्या टेपवर विश्वास ठेवला. लोक फ्लोअर सोडून गेले तरी एका रात्रीत तो ती पुन्हा पुन्हा वाजवत राहिला, असं सांगतात, आणि अखेर लोक नाचायला लागले. त्यातून एक अख्खी शैली जन्माला आली. कौशल्यात सिंग त्या तिघांच्या कितीतरी पुढे होते. कमी पडलं ते सोबतीचं, म्हणजे ‘अजून एकदा लाव’ म्हणणाऱ्या माणसाचं. एकट्याने श्रेष्ठ काम होतं, हे खरंच आहे. ते जिवंत राहायला आणि पुढे जायला मात्र दुसरा लागतो, आणि मुंबईत १९८२ मध्ये सिंग यांच्या आसपास तो नव्हता, हे आपल्या शहराबद्दल काहीतरी सांगतं.

मैत्रीचे तोटेही आहेत आणि ते मी झाकणार नाही. जोडी जुनी झाली की एकमेकांचे विनोद पाठ होतात, तसे आवाजही. श्पाँगलच्या २००१ आणि २००५ च्या अल्बमांमध्ये जो ताजेपणा आहे तो नंतरच्या कामात मला सापडत नाही. कलाकुसर वाढली, आश्चर्य कमी झालं. बाहेरच्याला आत येऊ न देणारी मैत्री हळूहळू टोळी बनते, हेही पाहण्यात आहे. पण नव्या जोड्या त्या कारणाने फुटत नाहीत. त्या पैशाने आणि श्रेयाने फुटतात. नेहमी दिसणारा प्रकार असा: कॉलेजातले दोन मित्र, एकाकडे संगणकाचा हात, दुसऱ्याकडे संगीताचा साठा आणि गर्दी ओळखण्याची नजर. तीन वर्षं घरच्या खोलीत काम. मग एका मोठ्या प्रमोटरचा फोन येतो, की बजेट एकाचंच आहे, एकच तिकीट, एकच हॉटेलची खोली. जो जातो त्याचा फोटो फिरतो. पुढच्या वर्षी दोघं एकमेकांच्या ट्रॅकना लाइकही देत नाहीत. श्पाँगललाही या गणितातून सुटका नव्हती. संपूर्ण वाद्यवृंदासह त्यांचे कार्यक्रम मोजके झाले. २०११ चा मोठा अमेरिकन दौरा श्पाँगलच्या नावाने पॉसफर्डने एकट्यानेच केला. तरी जोडी टिकली, कारण कोण कुठे दिसणार आणि नाव कुणाचं लागणार यांची सांगड त्यांनी घातली नाही. आपल्याकडे ते जमत नाही. त्यात आणखी एक अडचण आहे ती वेळेची. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकरला मनाई आहे. हा नियम योग्यच आहे. विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींनी ज्यांच्या घराच्या काचा थरथरल्या आहेत त्यांना तो पटवून द्यायला नको. त्याचा परिणाम मात्र असा झाला की दिवसाच्या कार्यक्रमात दहा डीजे कोंबले जातात आणि प्रत्येकाला तास-सव्वा तास मिळतो. सव्वा तासात एकाचंही नीट होत नाही, दोघांनी एकमेकांना ऐकणं दूरच. जे काही मी वर लिहिलं त्याला किमान चार तास लागतात.

तेव्हा कार्यक्रम ठरवणाऱ्यांना एक विनंती आहे. लाइनअपमधली चार नावं कमी करा आणि एका जोडीला दुपारी दोनपासून संध्याकाळी सातपर्यंतचा सगळा वेळ द्या. आणि पोस्टरवर दोन नावं छापता, तर तिकीट, खोली आणि मानधन दोघांचं धरा.